आज तिसावा दिवस

सकाळी ९.४५

पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. मी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात वरिष्ठ श्रेणी लिपिक आहे, म्हणजे पोलीस खात्यात असून पोलीस नाही. माझ्याकडे माहिती अधिकाराचं टेबल. कागदोपत्री जन माहिती अधिकारी आमचे उपअधीक्षक साहेब, पहिलं अपील ऐकतात अपर अधीक्षक. पण अर्ज उघडणं, वाचणं, संबंधित ठाण्याला पाठवणं, तिथून कागद येईपर्यंत फोन करत राहणं आणि शेवटी उत्तराचा मसुदा टाइप करणं हे सगळं या टेबलावर होतं.

अर्जांच्या नोंदवहीत मी एक रकाना जादा आखून घेतलाय: 'तिसावा दिवस'. ठरलेल्या नमुन्यात तो नाही. अर्ज मिळाल्याच्या दिवशीच कॅलेंडर मोजून ती तारीख लाल शाईने लिहून टाकायची. कायद्यात मुदत तीस दिवसांची आहे आणि तीस दिवस हे पोलीस खात्यात फार लवकर संपतात, कारण पहिले वीस दिवस कोणालाच ते सुरू झाल्याचं वाटत नाही.

आज त्या रकान्यात एकच अर्ज आहे. तालुक्याच्या एका ठाण्याचा. अर्जदार एक वडील. मुलाला एका रात्री ठाण्यात नेलं, पहाटे सोडलं. वडिलांनी दोन गोष्टी मागितल्यात: त्या रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतचा स्टेशन डायरीचा उतारा, आणि त्याच वेळेतलं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा, अशी अट आहे; यांनी त्याच्या निम्म्यात काम भागवलंय. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ठसठशीत अक्षर. त्यात एकही 'का' नाही, एकही 'अन्याय' नाही. असा अर्ज वाचला की समजतं, याला कोणीतरी जाणत्याने बसून सांगितलंय.

ठाण्याकडून अजून काहीही आलेलं नाही. पत्र गेलं, स्मरणपत्र गेलं. दोन्हींच्या शेवटी मी माझं नेहमीचं वाक्य घातलं होतं: माहिती मुदतीत न पुरवल्यास कलम ५(५) नुसार आपण मानीव जन माहिती अधिकारी समजले जाल. दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, आणि तो पगारातून जातो. सरकारी तिजोरीतून जात असता तर मला एवढे फोन करावेच लागले नसते.

१०.२०

बारनिशीतून टपाल आलं. सोमवारचं टपाल नेहमी जड.

पहिला अर्ज एफआयआरच्या प्रतीसाठी. सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात सप्टेंबर २०१६ मध्ये सांगितलं की गुन्हा नोंदवल्यापासून चोवीस तासांत एफआयआर संकेतस्थळावर टाकावा. लैंगिक गुन्हे, दहशतवाद, पॉक्सो असे संवेदनशील सोडून. फिर्यादीला तर प्रत ठाण्यातच फुकट मिळायला हवी, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. तरी लोक दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवून महिनाभर थांबायला तयार असतात. ठाण्यात जाऊन मागण्यापेक्षा पोस्टाने मागणं त्यांना सोपं वाटतं, यातच सगळं आलं. मी संकेतस्थळावरून प्रत काढली, दोन पानं, चार रुपये. चार रुपये भरण्याचं पत्र पाठवायला त्याच्या कित्येक पट खर्च. साहेबांना विचारून अशा प्रती मी तशाच लावून देते.

दुसऱ्या अर्जाचा मजकूर असा: 'माझ्या तक्रारीवर आपण कारवाई का केली नाही याचा खुलासा मिळावा.' हा अर्ज फेटाळणं अगदी सोपं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये डॉ. सेल्सा पिंटो प्रकरणात सांगितलं की 'का' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. कार्यालयात जे अभिलेख आहेत ते द्यायचे, समर्थन नाही. निकाल बरोबर आहे. पण त्याचा वापर कसा होतो ते मी रोज बघते. 'का' दिसला की अर्ज निकाली. या माणसाला खरं तर हवंय काय? त्याचा तक्रार अर्ज अर्ज-चौकशीच्या नोंदवहीत कोणत्या क्रमांकाने चढला, चौकशी कोणत्या अंमलदाराकडे दिली, जबाब कोणाचे घेतले, अहवालात काय लिहिलं. हे चारही कागद असतात. कलम ५(३) म्हणतं की अर्जदाराला वाजवी साहाय्य करावं. अर्जावर फोन नंबर होता. मी फोन केला आणि सांगितलं, "दादा, 'का' खोडा आणि या चार गोष्टी मागा." पलीकडून संशयाने विचारणा झाली, "मॅडम, तुम्ही पोलिसांकडच्या ना?"

तिसऱ्यात शेजाऱ्यावर किती गुन्हे दाखल आहेत ते हवंय, कारण जागेचा वाद. चौथ्यात एका बाईंना नवऱ्याचा, म्हणजे आमच्याच एका अंमलदाराचा, पगार हवाय. पोटगीचा दावा चालू. पूर्वी आठ-एक-जे या पोटकलमात तोलायला जागा होती: वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, आणि विधिमंडळाला जी नाकारता येणार नाही ती नागरिकाला का नाकारायची. २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाने ती जागा आक्रसली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर पोटकलमातले ते सगळे शब्दच काढले. उरलं फक्त 'वैयक्तिक माहिती'. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद अजून आहे, पण ती वापरायला अधिकाऱ्याला स्वतःच्या सहीने धाडस करावं लागतं. नाकारायला धाडस लागत नाही. उद्या एखाद्या निरीक्षकावरच्या खात्यांतर्गत चौकशीचा अहवाल कोणी मागितला तर तोही 'वैयक्तिक'च्या पेटीत टाकता येईल, आणि टाकला जाईल, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

पाचवा अर्ज बदल्यांचा. जिल्ह्यातल्या बदल्यांसाठी कोणाकोणाची शिफारसपत्रं आली त्याच्या प्रती आणि आस्थापना मंडळाची इतिवृत्तं. जुनाच प्रश्न. केंद्राचा २००५ चा कायदा येण्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा माहितीचा कायदा होता. त्याच्याखाली शैलेश गांधींनी मुंबईत पोलीस बदल्यांतल्या राजकीय शिफारशींची माहिती मागून चांगली खळबळ उडवली होती. पुढे प्रकाश सिंह खटल्याच्या २००६ च्या निकालातून आस्थापना मंडळं आली. मंडळाच्या बैठका होतात, इतिवृत्तं लिहिली जातात, शिफारसपत्रंही यायची ती येतातच. हा अर्ज मी आस्थापना शाखेकडे पाठवला. शाखेतले भाऊसाहेब हसले. मीही हसले.

११.३०

तालुक्याच्या ठाण्याला फोन. ठाणे अंमलदाराने फोन गोपनीयच्या हवालदारांना दिला.

"ताई, उत्तर तयार आहे. तपास सुरू असल्याने माहिती देता येत नाही, आठ-एक-एच."

"गुन्हा रजिस्टर नंबर सांगा."

"कशाचा?"

"ज्याचा तपास सुरू आहे त्याचा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "गुन्हा नाही ताई. चौकशीकामी आणलं होतं."

"मग तपास कसला?"

"साहेबांना विचारून सांगतो."

आठ-एक-एच हे पोलीस खात्याचं सगळ्यात आवडतं पोटकलम. पण ते 'तपास सुरू आहे' असं म्हणत नाहीच. ते म्हणतं, जी माहिती उघड केल्याने तपासात, आरोपीला पकडण्यात किंवा खटला चालवण्यात अडथळा येईल ती. अडथळा कसा येईल, हे सांगायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर. दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग प्रकरणात डिसेंबर २००७ मध्येच हे स्वच्छ लिहिलंय: नुसतं तपास चालू असणं पुरेसं नाही. कायद्यातही कलम १९(५) आहे, अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं माहिती अधिकाऱ्यावर. तरी ठाण्याठाण्यांतून येणारी उत्तरं एकाच साच्यातली. संगणकावर फाइल सेव्ह करून ठेवलेली, फक्त नाव आणि तारीख बदलायची.

मला यात कट दिसत नाही, आळस दिसतो. नकाराला एक ओळ पुरते. माहिती द्यायची तर कोणीतरी नोंदवही काढायची, पान शोधायचं, वाचायचं, त्यातलं काय झाकायचं ते ठरवायचं, झेरॉक्स करायची, प्रत्येक पानावर शिक्का मारायचा. ठाण्यात माणसं कमी. बंदोबस्त, आषाढी, गणपती, निवडणुका. त्यात माहिती अधिकाराचं काम म्हणजे ज्याला दुसरं काम नाही त्याचं, अशी समजूत.

आणि हा साचा कोणासमोर वापरला जाईल त्याला धरबंध नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत अशोक कामटे, हेमंत करकरे, विजय साळसकर मारले गेले. आपल्या नवऱ्याला तिथे नेमकं कोणी पाठवलं, मदत का पोहोचली नाही, हे विनिता कामटेंना समजून घ्यायचं होतं. त्यांनी मुंबई पोलिसांच्या नियंत्रण कक्षातल्या त्या रात्रीच्या नोंदी मागितल्या. आधी नकारच मिळाला. अपिलं करून नोंदी मिळवल्या, मिनिटामिनिटाच्या. त्यांवर पत्रकार विनिता देशमुखांबरोबर त्यांनी २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक लिहिलं. खात्यातल्याच अपर आयुक्ताच्या पत्नीला, खात्यानेच लिहून ठेवलेल्या नोंदींसाठी अपिलात जावं लागलं. तालुक्यातल्या एका वडिलांची काय कथा!

एक मात्र कबूल करायला हवं, पोलीस लिहितात भरपूर. दुसऱ्या कुठल्या खात्यात रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी काय झालं याची नोंद मिळेल? स्टेशन डायरी, लॉकअप रजिस्टर, मुद्देमाल रजिस्टर, अदखलपात्रची वही, वायरलेसचा लॉग. लिहिलेलं आहे, तेच कोणी वाचायला मागितलं की घाम फुटतो.

१२.१५

एक मुलगी आली, कॉलेजातली असेल. भावाला काल संध्याकाळी अटक झाली म्हणतात, पण कोणत्या ठाण्यात ते कोणी सांगत नाही. हातात माहिती अधिकाराचा कोरा फॉर्म. बाहेर कोणीतरी सांगितलं होतं की जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत माहिती मिळते. खरं आहे, कलम ७(१). पण अठ्ठेचाळीस तास फार झाले. अटक केलेल्याला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करायचंच असतं. मी म्हटलं, "बाळा, फॉर्म राहू दे." नव्या संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्यांची माहिती ठेवणारा अधिकारी नेमायचा, आणि ती ठळकपणे लावायची. तिला जिल्हा नियंत्रण कक्षात घेऊन गेले. फलक होता, त्यावर शुक्रवारची नावं. ड्युटीवरच्या एएसआय साहेबांनी संगणकात बघून दोन मिनिटांत ठाणं सांगितलं. फलकही मग पुसून लिहायला घेतला.

परत येऊन वाळूच्या ट्रकांचा अर्ज हातात घेतला. एका ठाण्याच्या हद्दीत किती ट्रक पकडले, किती सोडले, कोणत्या आदेशाने. माहिती त्याच ठाण्याकडून मागवायची आहे. अशा पत्रांत मी अर्जदाराचं नाव आणि पत्ता घालत नाही. 'एक अर्जदार' एवढंच. अर्जाची छायांकित प्रत जोडायची प्रथा आहे, ती मी या प्रकारात मोडते. आधीच्या एका साहेबांनी विचारलं होतं, कोणत्या नियमाने? कायदा अर्जदाराला कारण विचारू देत नाही, संपर्कापुरता तपशील सोडून काही मागू देत नाही, कलम ६(२). कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोस्ट बॉक्सचा पत्ताही चालेल म्हटलंय. मग आपणच त्याचं घर ठाण्याला कशाला दाखवायचं? तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार माहितीच्या अधिकाराखाली उघडे पाडत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी भररस्त्यात त्यांचा खून झाला. तेव्हापासून या राज्यात कोणीही शहाणा माणूस अर्जदाराच्या पत्त्याला निव्वळ पत्ता समजत नाही.

दुपारी १.३०

डबा. आज विषय ठरलेलाच: माहिती अधिकारवाले. लेखा शाखेतल्या मॅडमचं म्हणणं, निम्मे ब्लॅकमेलर. निम्मे नाहीत, पण आहेत, मी रोज बघते. पन्नास ठाण्यांची दहा वर्षांची माहिती मागायची, मग ठाण्यात जाऊन 'मिटवून टाकू' म्हणायचं, असे दोनचार चेहरे शिपायालासुद्धा पाठ आहेत. पण ज्या माहितीवर ब्लॅकमेल होऊ शकतं ती कोणाच्या चुकीची असते? आणि ती कलम ४ प्रमाणे आधीच संकेतस्थळावर असती तर तिची किंमत शून्य झाली असती. सतरा बाबी कायदा लागू होण्याआधीच स्वतःहून जाहीर करायच्या होत्या, २००५ मध्ये. आमच्या पानावर बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं अजून दिसतात. मी अद्ययावत यादी पाठवते, ती कुठे अडते ते आता विचारणं सोडलंय.

भाकरी संपायच्या आत फोन. एका ठाण्यातून पीएसआय. कायद्याचं पुस्तक टेबलावर असल्याने मला फुकटची वकिली करावी लागते. "मॅडम, एक जण ठाण्यात मोबाइलवर शूटिंग करतोय. ऑफिशियल सीक्रेट्स लावू का?"

"लावू नका. नागपूर खंडपीठ, जुलै २०२२. गोपनीयता कायद्यातल्या प्रतिबंधित ठिकाणांच्या व्याख्येत पोलीस ठाणं येत नाही. वर्ध्याचंच प्रकरण होतं. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही तेच सांगितलं."

"मग काय करू?"

"त्याचं काम काय आहे ते विचारा."

२.३०

अभिलेख पाहायला एक निवृत्त मास्तर आले. माहितीचा अधिकार म्हणजे फक्त झेरॉक्स नव्हे. फाइल समोर बसून बघता येते, टिपणं काढता येतात, पहिला तास फुकट. पोलीस खात्यात हे फार कमी लोक मागतात.

मास्तरांच्या घरी चोरी झाली होती, प्रकरण 'अ' समरीत गेलं. आपल्याकडे तपास आरोपपत्राविना संपला की तीन वाटा: गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही ती 'अ' समरी, फिर्यादच द्वेषाने खोटी ती 'ब', आणि ना धड खरी ना खोटी, गैरसमजाची किंवा दिवाणी स्वरूपाची ती 'क'. मास्तरांना समरीबद्दल तक्रार नाही. त्यांना बघायचं होतं की आपल्यासाठी कोणी काही केलं का.

तपास संपलाय, न्यायालयाने समरी मंजूर केलीय. आठ-एक-एचला इथे जागाच नाही. फाइलमधून केस डायरी तेवढी बाजूला काढून ठेवली, तिला संहितेचं कलम १९२ संरक्षण देतं. बाकी पंचनामा, जबाब, ठशांचा अहवाल, संशयितांची यादी, सगळं समोर. मास्तर पानापानावर बोट ठेवून वाचत होते. शेजारच्या गल्लीतल्या एका सोनाराचा जबाब होता, दुसऱ्या जिल्ह्याला गेलेलं पत्र होतं, तिकडून आलेलं उत्तर होतं. मध्येच म्हणाले, "बाई, हा हवालदार तीनदा सोनाराकडे गेला होता. मला कोणी सांगितलंच नाही."

सांगायला हवं होतं. नव्या संहितेत कलम १९३(३) प्रमाणे फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवायची आहे, मोबाइलवर कळवली तरी चालते. तो एक मेसेज वेळेवर गेला तर माझ्या टेबलावरचे कितीतरी अर्ज येणारच नाहीत. चुकीची कामं झाकली जातात ते समजू शकते, पण केलेलं चांगलं काम का झाकून ठेवायचं? मास्तरांनी शेवटी त्या हवालदाराचं नाव एका कागदावर लिहून घेतलं. तक्रारीसाठी नाही, भेटायला.

३.४०

तालुक्याहून मोटारसायकलवर अंमलदार आला, हेल्मेटच्या आत घामेघूम. हातात सीलबंद पाकीट. सकाळच्या फोननंतर पीआय साहेबांनी कलम ५(५) बहुधा काढून वाचलं असावं.

स्टेशन डायरीची पाच पानं. मी चहा बाजूला ठेवून वाचली.

२२.५० ला नोंद: अमुक मुलास चौकशीकामी ठाण्यात आणले. त्यानंतर रात्रगस्त रवाना. अपघाताची खबर, अंमलदार रवाना. दोन बायकांच्या भांडणाची अदखलपात्र तक्रार. एका पीडित महिलेची फिर्याद, महिला अधिकाऱ्यास बोलावले. गस्त परत. ०५.४० ला नोंद: सदर मुलास समज देऊन सोडले.

मध्ये जवळजवळ सात तास. त्या सात तासांत गावात कोणाची गाय सुटली तेही डायरीत आहे, मुलाबद्दल एक अक्षर नाही. कसली चौकशी, कोणी केली, काय विचारलं, काही नाही. ही पानं देण्यात मला अडचण दिसत नव्हती. पीडित महिलेचं नाव आणि गाव काळं करायचं, ते उघड करणं हा गुन्हाच आहे. कलम १० प्रमाणे तेवढं वगळून उरलेलं द्यायचं. मार्करने झाकून त्याची पुन्हा झेरॉक्स काढली, कारण नुसता मार्कर उजेडात धरला की वाचता येतो.

पाकिटात एक पेन ड्राइव्हही होता. अर्ज आला त्याच आठवड्यात मी ठाण्याला वेगळं एक ओळीचं पत्र पाठवलं होतं: सदर कालावधीचे चित्रण पुढील आदेशापर्यंत जतन करावे. माहिती द्यायची की नाही हा प्रश्न तीस दिवसांनी येतो, अपिलात त्याहून उशिरा. यंत्रातली जागा मात्र कोणासाठी थांबत नाही, जुनं पुसून नवं भरत जातं. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे आणि अठरा महिन्यांचा साठा सांगितला, निदान एक वर्षाचा तरी. निकालात आहे आणि प्रत्यक्षात आहे, यांत अंतर किती ते सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली यावरून कळतं. सीसीटीव्हीच्या अर्जावर ठाण्यांचं आठ-एक-एचच्या खालोखाल आवडतं उत्तर म्हणजे 'तांत्रिक बिघाडामुळे चित्रण उपलब्ध नाही'. ते उत्तर यायच्या आत पत्र जायला हवं. बाकी माझ्या हातात फार काही नसतं.

४.१५

अपर अधीक्षकांच्या दालनात दुसऱ्या एका प्रकरणाचं पहिलं अपील. अपिलार्थी एका बाजूला, आमचे उपअधीक्षक दुसऱ्या बाजूला, मी फाइल घेऊन मागे. ज्याच्या निर्णयाविरुद्ध अपील तो आणि जो ऐकणार तो, दोघे दुपारी एकाच बैठकीत होते. संध्याकाळीही एकाच बैठकीत असतील. तरी आज दहा मिनिटांत आदेश झाला, सात दिवसांत माहिती द्या. साहेब चिडले नाहीत. चिडतात तेव्हा मला फाइल आपटल्याचा आवाज येतो.

इथे नाही जमलं तर नव्वद दिवसांत, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर, जोडपत्र 'क' भरून राज्य माहिती आयोगाकडे. तिथल्या प्रलंबित प्रकरणांनी २०२३ मध्ये लाखाचा आकडा ओलांडला होता. आयोगाची सूचना येते तेव्हा कधीकधी अर्जदार हयात नसतो आणि माहिती अधिकारी निवृत्त झालेला असतो. हे ठाण्यातल्या लोकांना नीट माहीत आहे. म्हणून तर त्यांना नकाराची भीती वाटत नाही. भीती फक्त तिसाव्या दिवसाची, कारण उशीर कॅलेंडरवर मोजता येतो.

५.१०

फाइल घेऊन उपअधीक्षक साहेबांकडे. डायरीची पानं त्यांनी वाचली. ०५.४० च्या नोंदीवर पेन्सिलची टोकदार बाजू टेकवून थोडा वेळ थांबले. "ही द्या," म्हणाले. "दहा रुपये होतात ना पाच पानांचे? आजच पाठवायचीय, तेव्हा फी राहू दे."

मग पेन ड्राइव्ह. आम्ही संगणकावर लावला. कॉरिडॉरचा कॅमेरा, ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा, लॉकअपच्या दाराशी लावलेला. साहेबांनी पुढे पळवून पाहिलं, एका ठिकाणी थांबले, परत मागे गेले. मला काही बोलले नाहीत. पडदा बंद केला.

"हे नाही देता येणार. हत्यारकोठीचं दार दिसतंय. इतर लोक दिसतायत."

"साहेब, कॅमेरे आहेत म्हणून तर दारात फलक लावलाय. आणि तेवढा कॅमेरा वगळून देता येईल, कलम १०."

"आठ-एक-जी लावा. शारीरिक सुरक्षितता."

"कोणाच्या सुरक्षिततेला धोका, ते लिहावं लागेल. नुसतं पोटकलम अपिलात टिकत नाही."

साहेब चांगले आहेत. वाचतात, ऐकतात, बहुतेक वेळा देतात. पण ठाण्याचे पीआय त्यांचे बॅचमेट, आणि त्या पडद्यावर त्यांनी जे पाहिलं ते मी नीट पाहिलं नाही. त्यांनी दोन ओळींचं कारण सांगितलं, मी लिहून घेतलं. मला ते पटलेलं नाही. माझं काम पटण्याचं नाही, मसुद्याचं आहे.

५.४०

मसुदा टाइप केला. मुद्दा क्रमांक एक: माहिती सोबत जोडली आहे, पाने पाच, पीडितेची ओळख कलम १० नुसार वगळली आहे. मुद्दा क्रमांक दोन: कलम ८(१) खाली नाकारण्यात येत आहे, कारण असे. खाली कलम ७(८) प्रमाणे अपिलाची मुदत तीस दिवस, अपिलीय अधिकाऱ्याचं पदनाम आणि पूर्ण पत्ता, स्टॅम्प वीस रुपयांचा. बरीच ठाणी हा भाग गाळतात. हाच भाग अर्जदाराच्या सगळ्यात कामाचा असतो.

मुद्दा दोनच्या शेवटी मी एक वाक्य घातलं: 'सदर कालावधीचे चित्रण या कार्यालयात जतन करून ठेवण्यात आले आहे.'

सैनी निकालात ठाण्याच्या दारातल्या फलकावर काय लिहायचं तेही दिलेलं आहे. मानवी हक्कांचा भंग झाला असेल तर चित्रण सुरक्षित करून घेण्याचा पीडिताला हक्क आहे, हे त्यात येतं. त्या ठाण्याच्या फलकावर 'आपण सीसीटीव्हीच्या कक्षेत आहात' एवढंच लिहिलंय, मी पाहिलंय.

साहेबांनी मसुदा वाचला. त्या वाक्यापाशी आल्यावर वर बघितलं.

"हे त्यांनी विचारलेलं नाही."

"नाही साहेब. पण खरं आहे."

"अपिलात हेच धरून येतील."

"येतील."

त्यांनी पेन उघडलं, मिटलं, परत उघडलं. वाक्य खोडलं नाही. सही केली, तारीख घातली, आजची.

जावक क्रमांक घेतला, पाकिटावर चिकटवला. पेन ड्राइव्ह वेगळ्या लिफाफ्यात घालून लाखेने बंद केला, वर अर्जाचा क्रमांक आणि 'अपिलाचा निर्णय होईपर्यंत नष्ट करू नये' असं लिहून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. त्या कप्प्यात असे आणखी काही लिफाफे आहेत. वडिलांना पत्र परवा मिळेल. त्यांनी पहिलं अपील लगेच केलं तर दीड महिन्याच्या आत सुनावणी. तिथे नाहीच मिळालं तर आयोग, मग किती वर्षं ते कोणी सांगावं. शिपाई मामा स्पीड पोस्टचं पाकीट घेऊन सहाला निघाले. पावती उद्या फाइलला लावायची.